जुना कोळशाचा स्मोकर दुरुस्त करतोय, मदत हवी आहे

मंडळी, मी ह्यूस्टनजवळ राहतो. गेल्या शनिवारी गराज सेलमध्ये 60 डॉलरला ऑफसेट स्मोकर (धुरावर मंद आचेने मांस शिजवायची भट्टी) उचलला. आडवं पिंप, बाजूला कोळशाची पेटी. बायको म्हणाली, भंगार आणलंस. अगदीच चूक नाही. पेटीच्या तळाला गंजाचे पापुद्रे सुटलेत, पण स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार जात नाही, एवढंच समाधान.

चिकट काजळी खरवडली, तारेच्या ब्रशने गंज काढला. बाहेरून जास्त उष्णता सोसणारा काळा रंग देणार. आतून रंग नाही, तेलाचा पातळ हात देऊन दोन-तीन तास तापवायचं, एवढं कळलंय.

अडलंय झाकणापाशी. बंद केलं तरी एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट राहते. काल कोळसा पेटवून पाहिला तर सगळा धूर तिथूनच, आणि मंद शिजवायला हव्या त्या 225 फॅरनहाइटवर तापमानाचा काटा काही थांबेना. आधी बिजागरी सरळ करून पाहू की थेट गॅस्केटची (फट बुजवणारी) पट्टी चिकटवू?

शिवाय धुराडं आतून, मांस ठेवायच्या जाळीच्या पातळीपर्यंत खाली आणायचंय. दुकानातला पाईप जस्ताचा मुलामा दिलेला आहे. तापल्यावर त्याचा धूर विषारी, म्हणून तो नको. मग तुम्ही काय वापरलंत? वेल्डिंग मला येत नाही, हेही सांगून ठेवतो.