गृहविज्ञानाची प्रयोगशाळा
‘स्वयंपाक आणि शिवणकाम शिकायला विद्यापीठ कशाला हवे?’ हा प्रश्न मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान विद्याशाखेत प्रवेश घेतला तेव्हा आमच्या नातेवाइकांनी विचारला होता. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना सुरू झालेल्या त्या विद्याशाखेत माझा बराचसा वेळ प्रत्यक्षात रसायनशास्त्रात गेला. डाळीतील प्रथिने मोजण्यासाठी तिचे पीठ तीव्र सल्फ्युरिक आम्लात दीर्घकाळ तापवून नायट्रोजनचे प्रमाण काढायचे आणि त्याला ६.२५ ने गुणायचे, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. वस्त्रशास्त्रात धागा जाळून, कागदासारखा वास आला तर सुती आणि जळक्या केसांसारखा आला तर लोकर किंवा रेशीम, हे ओळखायला शिकवले. सर्वांत अवघड मात्र बालविकास, कारण मुलाचे निरीक्षण लिहिताना ‘हट्टी’ असे विशेषण न वापरता त्याने नेमके काय केले एवढेच नोंदवायचे असे. नातेवाइकांविषयी लिहिताना तो संयम मला अजून साधत नाही.