शब्दचर्चा : 'हत्यार', 'निराश', 'उपाशी' आणि किशोरवयीनांची आरोग्य प्रश्नावली

खाडीपलीकडे (दापोली)
मंडळी, एक काम गळ्यात पडलंय. तालुक्यातल्या काही शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांची आरोग्य पाहणी करायचं घाटतंय. नमुना म्हणून दोन प्रश्नावल्या समोर आहेत. एक अमेरिकेच्या सीडीसीची (तिथलं सरकारी रोगनियंत्रण केंद्र) 'यूथ रिस्क बिहेव्हिअर सर्व्हे', म्हणजे किशोरांच्या जोखमीच्या वागण्याची पाहणी, तिकडे १९९१ पासून दर दोन वर्षांनी नववी ते बारावीच्या मुलांकडून भरून घेतात. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची जीएसएचएस, म्हणजे शाळकरी मुलांची जागतिक आरोग्य पाहणी, २००३ पासून बऱ्याच देशांत वापरात आहे, वय १३ ते १७. पहिला खर्डा झालाय, पण तीन ठिकाणी अडलोय. 'वेपन'ला 'हत्यार' केलंय, 'होपलेस'ला 'निराश' आणि 'गो हंग्री'ला 'उपाशी राहणे'. जरा नजर टाका.

सुरंगी (गुहागर)
'हत्यार' आधी काढा. आपल्याकडे सुताराची हत्यारं असतात, गवंड्याची असतात, खंडेनवमीला पूजा होते ती त्यांचीच. मे महिन्यात बागेत जाणारा पोरगा कमरेला आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवतो. 'गेल्या ३० दिवसांत किती दिवस हत्यार जवळ बाळगलंस?' या प्रश्नाला तो इमानदारीत 'रोज' लिहिणार आणि कागदावर आमचं गाव गुंडांचं ठरणार! 'शस्त्र' म्हणाल तर मुलांना गडावरच्या तलवारी आठवतील. त्यापेक्षा हेतू विचारा: भांडणात वापरायला म्हणून चाकू, कोयता, साखळी असं काही सोबत नेलंस का?

भरतीओहोटी
सुरंगीताई, वाक्य छान आहे, पण मूळ प्रश्न हेतू विचारत नाही. तो नुसतं बाळगणं विचारतो. आपण हेतू घातला की आपले आकडे दुसऱ्या कुणाच्या शेजारी ठेवता येणार नाहीत, आणि या प्रश्नावल्यांची अर्धी किंमत तर त्या तुलनेतच आहे. वाट त्या अमेरिकी प्रश्नावलीतच सापडते. बंदुकीच्या प्रश्नात त्यांनी अलीकडे पुस्ती जोडलीय की शिकारीसाठी किंवा नेमबाजीच्या खेळासाठी नेलेली बंदूक धरू नका. म्हणजे त्यांनाही त्यांचे शिकारी भेटले! आपण तोच साचा घ्यावा: 'बागेच्या, शेतीच्या किंवा मासेमारीच्या कामासाठी नेलेली कोयती, सुरी धरू नका.' एवढं असल्यावर 'हत्यार' राहिलं तरी चालेल.

सुरंगी (गुहागर)
हे पटलं. माझं वाक्य मागे घेते.

बाव आणि बांध (कुडाळ)
माका 'निराश' खटाकता. आमच्याकडचो पोरगो 'माका निराश वाटता' असा कधी म्हणूचो नाय. 'मन लागणा नाय' म्हणता, 'कंटाळो इलो' म्हणता, हल्ली 'टेन्शन इला' म्हणता. आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर मुंबईकर रागावतील.

मूळ प्रश्न असा आहे: गेल्या १२ महिन्यांत, सलग दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज इतकं उदास किंवा हताश वाटलं का, की नेहमीच्या काही गोष्टी करणं तू थांबवलंस? यात अटी किती बघा. मुदत आहे, रोजचं असणं आहे आणि कामं बंद पडणं आहे. शाळेत 'निराश' हा शब्द मॅच हरल्यावर वापरतात. मुलगा त्या एका शब्दावर टिचकी मारून पुढे जातो, अटी वाचतच नाही.

गंमत म्हणजे उलट-भाषांतराच्या चाचणीत हे पकडलंच जात नाही. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०च्या सुमारास ती रीत रूढ केली: एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचं पुन्हा इंग्रजी करायचं आणि दोन्ही ताडून बघायची. 'निराश'चं इंग्रजी पुन्हा 'होपलेस'च येणार, कारण दोन्ही भाषांतरकार एकाच शब्दकोशावर वाढलेले. चाचणी पास, पोरगा नापास. म्हणून माझं मत असं की पाच-दहा मुलांना प्रश्न वाचायला द्यावा आणि विचारावं, 'यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग.' ते 'रिझल्ट कमी लागला की वाटतं तसं' म्हणाले, तर शब्द बदलायचा.

माझा पर्याय: 'उदास वाटणं, कशातच मन न लागणं, आता काही बरं होणार नाही असं वाटणं'. लांब आहे, पण 'निराश'पेक्षा नेमकं.

हर्णै बंदर
मग सगळंच मालवणीत का नाही लिहीत?

बाव आणि बांध (कुडाळ)
छापील मालवणी दिसली की पोरं दशावतारातला संकासुर समोर आल्यासारखी हसतात. वाचायची सवय पुस्तकी मराठीचीच आहे. तोंडी समजावून सांगणाऱ्याने मात्र खुशाल मालवणीत सांगावं. आणि रत्नागिरी-रायगडातल्या उर्दू शाळा विसरू नका, तिथे वेगळा खर्डा लागेल.

सुरंगी (गुहागर)
उर्दू शाळांवरून 'उपाशी' आठवलं. मूळ प्रश्न 'घरात पुरेसं अन्न नसल्यामुळे' असा आहे. ते कारण गळलं, तर श्रावणी सोमवार आणि रमजानचे रोजे सगळे भूकबळीत जमा होतील. 'उपास' आणि 'उपाशी' यांत कानाला फरक केवढासा! मराठीत कारण सहज आधी येतं, ते तसंच आधी ठेवा: 'घरात पुरेसं जेवण नसल्यामुळे किती वेळा उपाशी राहावं लागलं?' 'राहावं लागलं' महत्त्वाचं. 'राहिलास' म्हणालात की रुसून न जेवणाराही त्यात येतो.

भरतीओहोटी
तीस दिवसांच्या खिडकीकडेही बघा. फळांच्या प्रश्नात जीएसएचएसने देशागणिक स्थानिक उदाहरणं घालायला मोकळी जागा ठेवलीय. पण आपल्याकडे आंबा, फणस, करवंदं, जांभळं येतात तेव्हा शाळेला सुट्टी. पाहणी ऑगस्टमध्ये केलीत तर मूल केळ्यावर येऊन थांबणार. उदाहरणं हंगामाप्रमाणे घाला आणि अहवालात महिना ठळक लिहा. 'गेल्या ३० दिवसांत' याच्या जोडीला 'म्हणजे अमुक सणापासून' असं तोंडी सांगितलं तर आठवायलाही सोपं जातं.

हर्णै बंदर
आणि तंबाखू? आमच्या वाड्यांत मशेरी आहे. तंबाखू तव्यावर काळी पडेस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची, बोटाने हिरड्यांना लावायची. ती मुलगी 'तंबाखू खातेस का?' याला 'नाही' म्हणणार आणि ते खोटं नाही, कारण ती खात नाही, दात घासते.

बाव आणि बांध (कुडाळ)
बरोबर. भारतातल्या तंबाखू पाहण्यांत लावायचा तंबाखू वेगळा मोजतात, त्यात 'मिश्री' हे नाव आहे. आपण 'मशेरी' लिहावं. 'खाणे, ओढणे, लावणे' ही तीनही क्रियापदं हवीत. तसंच दारूचं: ज्याने माडी घेतलीय तो 'दारू प्यायलो' म्हणत नाही. माडी आणि हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) नावानिशी घाला. मूळात 'ड्रिंक' म्हणजे वाइनचा एक ग्लास, बिअरची एक बाटली वगैरे सांगितलंय, तिथे वाइनच्या जागी माडीचा पेला आला तरी प्रश्नाचा सांगाडा तोच राहतो. किती माप एका 'ड्रिंक'बरोबर धरायचं, ते मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा.

खाडीपलीकडे (दापोली)
सगळं टिपून घेतलं. आणखी एक. वर कुणी 'राहिलास', कुणी 'खातेस' लिहिलंय. छापताना 'झालास/झालीस' असे तिरके दंड मारू की 'आपण' करू?

सुरंगी (गुहागर)
'आपण' नको, बँकेचा फॉर्म वाटतो. 'तू'च ठेवा, पण वाक्य फिरवा. 'तू उदास झालास का' याऐवजी 'तुला उदास वाटलं का'. 'तू तंबाखू खातोस का' याऐवजी 'तू तंबाखू कधी खाल्लास का'... नाही, कोकणात कुणी 'खाल्ला' म्हणतं, कुणी 'खाल्ली'. 'तंबाखूचं सेवन' तर त्याहून वाईट. 'तू कधी मशेरी लावलीस का?' बघा, इथे क्रियापद मशेरीच्या लिंगाने चालतं, मुलगा असो की मुलगी. दंड लागत नाही.

भरतीओहोटी
आणि पहिल्या पानावर 'माहिती गुप्त ठेवली जाईल' असेल तर ते 'नाव लिहू नकोस' असं करा. गुप्त म्हणजे कुणाला तरी ठाऊक असतंच. उत्तरंही अक्षरांत नकोत, गोळे काळे करायचे ठेवा. दहावीच्या वर्गात कुणाचं अक्षर कसं आहे हे गुरुजी लांबून ओळखतात.