आटोपशीर अल्बम आणि लांबण लावलेले अल्बम : अलीकडच्या हिप-हॉप आणि पॉपविषयी एक मत

नुसताच श्रोता (इंदूर)

2024 आणि 2025 या दोन वर्षांत गाजलेले हिप-हॉप आणि पॉपचे बरेचसे अल्बम मी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधले काहीही न गाळता ऐकले. त्यांतले जे मनात टिकले ते जवळजवळ सगळे पाऊण तासाच्या आत संपणारे आहेत. जे तासाच्या पुढे गेले त्यांत चांगली गाणी नाहीत असे नाही; पण ती निवडून काढावी लागतात, आणि हे निवडण्याचे काम मुळात कलावंताचे असताना ते श्रोत्याच्या गळ्यात मारलेले आहे, अशी माझी तक्रार आहे.

रॅपर केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ 22 नोव्हेंबर 2024 रोजी कसलीही पूर्वसूचना न देता आला. गाणी 12, वेळ साधारण 44 मिनिटे. आरंभीच डेरा बॅरेरा या मरियाची (मेक्सिकोचे पारंपरिक संगीत) गाणाऱ्या गायिकेचा स्पॅनिश स्वर येतो, तोच पुढे ‘रीइन्कार्नेटेड’मध्ये आणि अखेरच्या ‘ग्लोरिया’मध्ये परत येतो, त्यामुळे मधल्या हमरीतुमरीच्या गाण्यांनाही एक चौकट मिळते. ‘ग्लोरिया’ ऐकताना आधी वाटते की हा रुसव्याफुगव्यांनी भरलेल्या एका जुन्या प्रेमसंबंधाचा हिशोब मांडतो आहे. जिच्याशी तो बोलतो आहे ती त्याची लेखणी आहे हे शेवटी उलगडते, आणि मग ते गाणे पुन्हा पहिल्या ओळीपासून ऐकणे भाग पडते. हा परिणाम साधतो, कारण आपण तिथवर थकून पोहोचलेलो नसतो.

बिली आयलिशच्या ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’मध्ये (मे 2024) तर दहाच गाणी आहेत. एकही गाणे आगाऊ प्रसिद्ध न करता तिने सगळा अल्बम एकदम समोर ठेवला. त्यातले ‘लामूर द मा वी’ हे गाणे मंद, ओठांतल्या ओठांत म्हटल्यासारखे सुरू होते आणि मध्यावर एकाएकी नाचाच्या ठेक्यावर जाते; एका गाण्यात दोन गाण्यांचा ऐवज आहे. तिसरे उदाहरण क्लिप्सचे. पुशा टी आणि मॅलिस हे दोघे भाऊ 2009 नंतर थेट जुलै 2025 मध्ये ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ घेऊन आले, आणि त्यातले पहिलेच गाणे त्यांच्या दिवंगत आईवडिलांवर आहे : एक कडवे आईचे, एक वडिलांचे. सोळा वर्षांचे साचलेले असूनही त्यांनी 13 गाण्यांत आवरते घेतले.

आता दुसरी बाजू. टेलर स्विफ्टचा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ 19 एप्रिल 2024 रोजी 16 गाण्यांचा म्हणून आला आणि दोन तासांत आणखी 15 गाणी जोडून 31 गाण्यांचा झाला. ही केवळ उदारता आहे असे मला वाटत नाही. अमेरिकेतल्या गाण्यांच्या खपाच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्डने 2018 मध्ये लावलेल्या आणि 2025 अखेरपर्यंत चाललेल्या हिशोबानुसार पैसे भरणाऱ्या श्रोत्यांनी अल्बममधली गाणी मिळून 1250 वेळा ऐकली की एक अल्बम विकला गेला असे धरत. म्हणजे दहा गाण्यांचा अल्बम आरंभापासून अखेरपर्यंत सव्वाशे वेळा ऐकला जावा लागे, तर 31 गाण्यांच्या अल्बमला सुमारे चाळीस वेळा पुरत. हे गणित समोर असताना गाणे कापायला कोणाचा हात धजावेल?

ज्यांना हे पटत नाही त्यांनी अल्बमचे नाव घेऊन लिहावे. ‘आपापली आवड’ एवढेच लिहायचे असेल तर ते मला आधीच मान्य आहे.

टिळकनगरची

नाव घेऊनच लिहिते : बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’, मार्च 2024. यात 27 तुकडे असून तो सव्वा तासाच्या वर चालतो, आणि आपल्या मोजपट्टीने तो पहिल्या फेरीतच बाद व्हायला हवा. प्रत्यक्षात मला त्या वर्षातला सर्वांत बांधीव अल्बम तोच वाटला.

त्याची रचना एका रेडिओ केंद्राच्या प्रसारणासारखी आहे. मधूनमधून विली नेल्सन निवेदकाच्या आवाजात येतो, डॉली पार्टन येऊन दोन वाक्ये बोलून जाते, आणि लिंडा मार्टेल ही कंट्री या अमेरिकेच्या ग्रामीण वळणाच्या संगीतातली ज्येष्ठ कृष्णवर्णीय गायिका संगीतप्रकारांच्या चौकटीविषयी बोलते. पहिल्या ‘अमेरिकन रेक्वियम’मधला धागा शेवटच्या ‘आमेन’मध्ये पुन्हा हाती येतो. कंट्री हे गोऱ्यांचेच संगीत आहे हा समज खोडून काढायचा तर बीटल्सचे गाणे कृष्णवर्णीय गायिकांच्या तोंडी घालणे, ‘डॉटर’च्या मध्येच जुन्या इटालियन गीताचे स्वर लावणे, बँजोपासून क्लबच्या ठेक्यापर्यंत सगळे एका छताखाली आणणे आवश्यक होते. हा युक्तिवाद चाळीस मिनिटांत आटोपला असता तर ते नुसते विधान झाले असते. पुरावे द्यायला वेळ लागतो. फेब्रुवारी 2025 मध्ये याच अल्बमला ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार हा काही अंतिम निवाडा नव्हे, पण त्याच्या लांबीने परीक्षक कंटाळले नाहीत एवढे तरी त्यावरून दिसते.

आपण बिलबोर्डचे गणित सांगितले ते बरोबर आहे. मात्र त्या गणिताने इतकेच सिद्ध होते की लांब अल्बम काढण्यात लाभ आहे. प्रत्येक लांब अल्बम त्या लाभासाठीच काढला असे त्यातून निघत नाही.

सराफ्यातला निशाचर

ज्या शहराच्या नावाचे घराणे अतिविलंबित ख्यालासाठी ओळखले जाते, त्या शहरात बसून एका मराठी रसिकाने ‘फार लांबते हो’ अशी तक्रार करावी, याची मला मौज वाटली. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या झुमरा तालातल्या ख्यालात पहिली सम येईपर्यंत आमचे श्रोतेमहाशय बहुधा घड्याळ पाहत असावेत.

नुसताच श्रोता (इंदूर)

निशाचर, आपण नाव फार मोठे घेतले, पण ते माझ्याच बाजूचे आहे. खाँसाहेबांची 1960 सालची एचएमव्हीची एलपी आठवा : एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. तबकडीच्या एका बाजूत मावेल तेवढ्या वेळात अख्खा राग उभा केला आहे. माझी तक्रार संथपणाविरुद्ध कधीच नव्हती. विलंबित लयीतला एकेक स्वर जागा अडवून बसत नाही, तो जागा भरून काढतो. आणि एकाच ठेक्यावरची, एकाच तक्रारीची अकरावी आवृत्ती असलेले बावीसावे गाणे मात्र नुसती जागा अडवते.

टिळकनगरची, आपले उदाहरण मी टाळले होते हे खरे नाही. वर ‘जवळजवळ सगळे’ असे म्हणताना तोच अल्बम माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याची पहिली पंधरा मिनिटे अप्रतिम आहेत. निवेदनाचे तुकडेही मला खटकत नाहीत, कारण ते अर्ध्याएक मिनिटात आपले काम करून बाजूला होतात. खटकतो तो उत्तरार्ध, जिथे युक्तिवाद संपलेला आहे आणि पाहुणे अजून येतच आहेत.

विजयनगर दुसरा टप्पा

काका, तुमचा सगळा भर ‘लांब म्हणजे बाजारू आणि आखूड म्हणजे प्रामाणिक’ यावर आहे, आणि नेमका तोच 2025 मध्ये मोडीत निघाला. टेलर स्विफ्टचाच पुढचा अल्बम ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’ ऑक्टोबर 2025 मध्ये आला तो 12 गाण्यांचा आणि 42 मिनिटांच्या आतला. मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक या गीतकार-निर्मात्यांबरोबर केलेला, म्हणजे घडीव पॉपची हमी. मला तो तिच्या सर्वांत उथळ अल्बमांपैकी वाटला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने अमेरिकेत 40 लाखांच्या वर विक्री नोंदवून अॅडेलचा 2015 चा विक्रम मागे टाकला. गाणी मोजकी ठेवली, पण वेगवेगळी मुखपृष्ठे आणि वेगवेगळ्या आवृत्त्या काढून तोच माल अनेकदा विकला. तेव्हा बाजाराला जसे लांबीचे वावडे नाही तसे आखूडपणाचेही नाही.

दुसरे उदाहरण टायलर द क्रिएटर या रॅपरचे, कारण त्याने दोन्ही प्रकार करून दाखवले आहेत. जुलै 2025 मधला ‘डोन्ट टॅप द ग्लास’ जेमतेम 28 मिनिटांचा आहे. कोणी मोबाइलवर टिपेल या भीतीने लोक चारचौघांत नाचेनासे झाले आहेत, असे त्याच्या ध्यानात आले, म्हणून त्याने हा निव्वळ नाचण्यासाठी केला. (आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत ही भीती अजून कोणाला शिवलेली नाही, हे इंदूरकरांनी नोंदवून ठेवावे.) मला तो आवडतो, पण त्याचे एकही गाणे माझ्याबरोबर घरी आले नाही. याउलट ऑक्टोबर 2024 मधला त्याचा ‘क्रोमाकोपिया’ पन्नास मिनिटांच्या पुढे जातो. त्यात त्याच्या आईचा आवाज सुरुवातीपासून ऐकू येत राहतो; कधी ती दरडावते, कधी सल्ला देते. मग ‘लाइक हिम’ या गाण्याच्या अखेरीस तीच आई सांगते की वडील आयुष्यात नव्हते यात दोष तिचा होता, त्यांना बाप व्हायचे होते. हे वाक्य काळजाला भिडते ते आपण तोवर अर्धा तास त्या आवाजावर विश्वास ठेवत आलो आहोत म्हणून. तो अर्धा तास कापा, म्हणजे हाती नुसती एक कबुली उरेल.

आणि हिंदीकडे तर कोणी वळलेच नाही. सीधे मौत या दिल्लीच्या जोडीचा ‘लंच ब्रेक’ (2023) 30 गाण्यांचा आहे. ती मिक्सटेप आहे, तिला सलग कथा असण्याची गरज नाही. पाहुण्यांची वर्दळ, अर्धवट विनोद, एखादी फसलेली चाल हे सगळे तिथे शोभते. पलासियापासून विजयनगरपर्यंतच्या वाहतुकीत अडकल्यावर मी तिच्यातली कुठलीही पाच गाणी लावतो. सगळेच अल्बम पाटावर बसून ऐकायचे नसतात.

सराफ्यातला निशाचर

एलपीचा दाखला मात्र मी सोडणार नाही. मारवा तेवढ्यात संपला, कारण तबकडीची खाच तिथे संपत होती. तीच मंडळी मैफलीत बसली की तासाच्या आत उठत नसत, आणि त्याआधीच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवर तर नामवंतांचे ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेले आहेत. यंत्राची अडचण ही कलेची शिस्त म्हणून मिरवू नये. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम आपल्याला ‘नैसर्गिक’ वाटतो, तो एलपीच्या दोन बाजूंचा हिशोब आहे. त्याला सौंदर्यशास्त्र म्हणणे जरा जास्त होते.

नुसताच श्रोता (इंदूर)

माप तबकडीने दिले हे निर्विवाद आहे. पण माप कुठूनही आलेले असो, त्याने निवड करायला भाग पाडले. आणि दरबारीतले काय ठेवायचे व काय सोडायचे हे खाँसाहेबांनी ठरवले, खाचेने नव्हे. आज खाच संपत नाही, त्यामुळे ठरवणारा माणूसच जागेवरून उठून गेला आहे. केंड्रिकला कोणी अडवले नव्हते, तरी तो 44 मिनिटांवर थांबला. माझा सगळा आदर त्या थांबण्याला आहे.

‘क्रोमाकोपिया’बद्दल आमच्या तरुण मित्राशी माझे भांडण नाही, कारण तिथे आईचा आवाज हाच कणा आहे आणि तो काढता येत नाही. ‘शोगर्ल’ आखूड असूनही फसला हेही मान्य. आखूडपणा पुरेसा असतो असे मी कुठेही लिहिलेले नाही. मिक्सटेपला अल्बमची मोजपट्टी लावणे मलाही मंजूर नाही, म्हणून ‘लंच ब्रेक’ आपण या वादाबाहेर ठेवू.

उरला ‘काउबॉय कार्टर’. नुसते ‘कापा’ म्हणणे सोपे असते, म्हणून नावे देतो. पोस्ट मलोनबरोबरचे ‘लिव्हाइज जीन्स’ काढावे. ते जाहिरातीच्या फार जवळ जाते. ‘डेझर्ट ईगल’ काढावे. ‘जस्ट फॉर फन’ही काढावे, कारण त्यातला ठहराव ‘16 कॅरेजेस’मध्ये अधिक चांगल्या रीतीने येऊन गेला आहे. यातले कोणते गाणे गेले तर रेडिओ केंद्र बंद पडेल?

टिळकनगरची

‘लिव्हाइज जीन्स’ खुशाल न्यावे, ते मीही वगळूनच पुढे जाते. ‘डेझर्ट ईगल’ सव्वा मिनिटाचे आहे आणि त्याच्या बेसवरूनच आपण कंट्रीच्या अंगणातून नाचाच्या फरशीवर उतरतो. ते काढले तर पुढचे ‘रिव्हरडान्स’ अंगावर आदळेल, आणि मग आपणच लिहाल की जोड नीट बसलेली नाही. ‘जस्ट फॉर फन’वर मात्र तडजोड होणार नाही. विली जोन्सचा तो खालच्या पट्टीतला भरदार आवाज सबंध अल्बममध्ये दुसरीकडे कुठेही नाही, आणि ‘16 कॅरेजेस’मध्ये बियॉन्से एकटी आहे. 27 मधून एक गेले. 26 वर माझी सही आहे.