मदत हवी आहे : चौथीची एका दिवसाची सहल

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. आषाढीची दिंडी, राख्या, दिवाळीचा किल्ला झाला. बालआनंद बाजार तर असा रंगला की कोथिंबिरीची जुडी दहाला द्यायची की दोन पंधराला, यावर दोघी विक्रेत्या गिऱ्हाईक सोडून भांडत होत्या! (तोंडी गणित पक्कं झालं, हे मात्र खरं.)

आता डिसेंबरची सहल. इतिहासात प्रतापगड शिकवून झालाय, त्यामुळे पोरांना तोच हवाय. मी वाईमार्गे न्यायचं म्हणते : आधी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, घाटावरची ती मोठी घंटा, मग गड. एसटीच्या प्रासंगिक करारात (म्हणजे सहलीपुरती अख्खी बस ठरवली की) शाळांना 50 टक्के सवलत मिळते, म्हणून खाजगी गाडी नकोच. गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं यांचं मी बघते.

अडचण वेगळी आहे. दोन्ही ठिकाणं एका दिवसात उरकतात का, की पोरं गडाच्या पायऱ्यांवरच बसकण मारतील? डबे कुठे खायचे? आणि मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह वाटेत नेमकं कुठे आहे? हल्ली कुणी वर्ग घेऊन जाऊन आलं असेल तर सांगा.