बिंदूला लांबी नाही, मग रेषेला ती आली कुठून?

खानापूरकरीण

नमस्कार. माझा भाचा नववीला आहे, मराठी माध्यमात. संध्याकाळी गणिताला माझ्याकडे बसतो. माझं शिक्षण कॉमर्सचं, खरं शाळेचं गणित मी आवडीनं शिकवते.

भूमितीच्या पहिल्याच धड्यावर आम्ही अडून बसलोय. बिंदू, रेषा, प्रतल हे तीन शब्द येतात आणि लगेच सांगितलं जातं की यांची व्याख्या करत नाहीत. हे पोरगं ते तसंच सोडायला तयार नाही. त्याचे प्रश्न जसेच्या तसे देते.

"बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही. रेषा बिंदूंचीच झालेली. मग शून्यात शून्य मिळवत गेलं तर लांबी कुठनं आली?"

"ज्याची व्याख्याच नाही, त्याच्यावर पुढचं सगळं सिद्ध कसं करायचं?"

"प्रतल कुठंच संपत नाही म्हणतात. मग वहीचं पान प्रतल हाय की न्हाय?"

तिसऱ्याचं मी सांगितलं: पान हा प्रतलाचा एक भाग समज, प्रतल त्याच्या चारी बाजूंना पुढं जातच राहतं. ते त्याला पटलं. पहिल्या दोन प्रश्नांना मात्र "पाठ कर" म्हणून मला गप्प करायचं नाही त्याला. मनापासून विचारतोय तो. कुणीतरी नीट सांगा की.

गणित शिक्षक, निपाणी

ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातून सोपं होतं.

युक्लिडनं इ.स.पू. 300 च्या सुमारास 'एलिमेंट्स' लिहिलं, तेव्हा त्यानं व्याख्या दिल्या होत्या. पहिल्या भागाची सुरुवातच 23 व्याख्यांनी होते. ज्याला भाग नाहीत तो बिंदू. जिला रुंदी नाही अशी लांबी म्हणजे रेषा. आता भाच्याला विचारा, 'भाग' म्हणजे काय? 'रुंदी' म्हणजे काय? त्यांची व्याख्या करायला आणखी शब्द लागणार, त्या शब्दांना आणखी. कुठंतरी थांबावंच लागतं. आणि गंमत बघा, पुढच्या सिद्धतांमध्ये 'बिंदूला भाग नाहीत' हे वाक्य युक्लिड आधार म्हणून वापरतच नाही. तो वापरतो गृहीतकं, म्हणजे सिद्ध न करता मानून घेतलेली विधानं. जर्मन गणिती हिल्बर्ट यानं 1899 साली भूमितीची मांडणी नव्यानं केली, तेव्हा त्यानं या व्याख्या सोडूनच दिल्या आणि बिंदू, रेषा, प्रतल एकमेकांशी कसे वागतात तेवढंच लिहिलं. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. तीन नैकरेषीय (एका रेषेत नसलेल्या) बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं. रेषेचे दोन बिंदू एखाद्या प्रतलात असले तर ती सगळी रेषा त्या प्रतलात असते. अशी आणखी काही.

भाच्याकडून एक सिद्धता करून घ्या, म्हणजे त्याची खात्री पटेल. दोन भिन्न रेषा दोन ठिकाणी छेदू शकत नाहीत. का? समजा त्या प आणि फ अशा दोन बिंदूंत छेदल्या. मग प आणि फ मधून दोन रेषा गेल्या. पण दोन बिंदूंतून एकच रेषा जाते हे आपण मानलंय. म्हणून ते अशक्य. झाली सिद्धता. बिंदू कसा दिसतो, केवढा असतो, हे कुठं लागलं का? नाही लागलं.

आता लांबीचं. त्याला एक त्रिकोण अबक काढायला सांगा. अब चा मध्यबिंदू ड, अक चा मध्यबिंदू ई. रेषाखंड डई हा बक च्या बरोबर निम्मा असतो, हे त्याला मोजून दिसेल. बक वर कुठलाही बिंदू घ्या आणि तो शिरोबिंदू अ ला जोडा. ती रेषा डई ला एकाच ठिकाणी छेदते. उलट डई वरचा कुठलाही बिंदू घेऊन अ मधून पुढं गेलं की बक वर एकच बिंदू मिळतो. म्हणजे खालच्या प्रत्येक बिंदूला वर एक जोडीदार आहे, कुणी सुटत नाही, कुणाला दोन येत नाहीत. बिंदूंची जोडी बरोबर लागली, आणि तरी एक रेषाखंड दुसऱ्याच्या दुप्पट!

तेव्हा लांबी बिंदू मोजून येत नाही. लांबी हा दोन बिंदूंमधल्या अंतराचा गुण आहे. संख्यारेषेवर 2 आणि 7 यांच्यातलं अंतर 5 आहे, ते 2 मध्ये नाही आणि 7 मध्येही नाही. शिवाय तो म्हणतो तसं शून्यामागून शून्य मिळवत जाताच येत नाही. पहिला बिंदू घेतला, 'त्याच्या लगतचा' कुठला? जो दाखवाल त्याच्या अलीकडे मध्यबिंदू आहेच. बेरीज सुरूच होत नाही.

टूलरूम, उद्यमबाग

ताई, सरांनी सांगितलं ते अगदी बरोबर. मी आयटीआयचा फिटर, आयुष्य टूलरूममध्ये गेलं. तुमच्या भाच्याचा दुसरा प्रश्न आमच्याकडं लोखंडात सोडवलेला आहे, तो त्याला सांगाच.

उद्यमबाग, मच्छे या भागात फौंड्र्या किती आहेत ते बेळगावकरांना सांगायला नको. ओतीव माल मशीनिंग होऊन आला की तो सरफेस प्लेटवर ठेवून तपासतात. सरफेस प्लेट म्हणजे बिडाची जाड प्लेट, खाली रिबा, वरचा पृष्ठभाग होईल तेवढा सपाट. हाइट गेज, डायल, व्ही ब्लॉक ही तपासणीची सगळी साधनं तिच्यावर ठेवून चालतात. आमच्यापुरतं प्रतल म्हणजे तीच.

आता विचार करा. ही प्लेट सपाट आहे हे कशावर तपासलं? दुसऱ्या सपाट प्लेटवर. ती कशावर? तिसऱ्या. खरं जगातली पहिली सपाट प्लेट कशावर तपासली असेल? भाचा म्हणतो त्यातलाच हा प्रश्न. आधीचं काहीच नाही, मग सुरुवात कशी करायची?

उत्तर असं, की तीन प्लेटी एकदम करायच्या, आणि एकीलाही 'ही खरी' म्हणायचं नाही.

पहिली आणि दुसरी घ्या. एकीला पातळ निळा रंग लावायचा, दुसरी तिच्यावर पालथी घालून हलकी सरकवायची. जिथं उंचवटा आहे तिथं रंग लागतो. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. परत रंग, परत खरवड. शेवटी दोन्ही सगळीकडं बसतात. खरं एवढ्यानं सपाट झाल्या काय? नाही. पहिली फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या एकमेकींवर झकास बसतील. दोघींत फसायला जागा आहे.

म्हणून तिसरी. तिसरी दुसरीवर बसवा. दुसरी खोलगट असेल तर तिसरी फुगीर होणार. आता पहिली आणि तिसरी एकत्र आणा. दोन्ही फुगीर! मध्ये टेकतात, कडेला डुलतात. चोरी उघडी पडली. तिन्ही जोड्या एकाच वेळी सगळीकडं बसायच्या असतील तर फुगवटा आणि खोलगा दोन्ही जावे लागतात.

एक गोष्ट अजून राहते, आणि नवे मुलगे इथंच घाई करतात. पीळ. तिन्ही प्लेटी सारख्याच पिळलेल्या असतील तर त्याही एकमेकींवर बसतात. म्हणून प्लेट 90 अंशात फिरवून परत रंग बघायचा. पीळ असेल तर फिरवल्यावर दोन कोपरे टेकतात आणि दोन उचलतात. तोही काढला, की राहतं ते सपाट. इंग्लंडचा जोसेफ व्हिटवर्थ यानं 1840 साली ग्लासगोला एका सभेत या पद्धतीवर निबंध वाचला होता.

आता सरांचं वाक्य परत वाचा. बिंदू, रेषा, प्रतल एकमेकांशी कसे वागतात तेवढंच लिहायचं. आमच्या तीन प्लेटींनाही बाहेरून कुणी सांगितलं नव्हतं सपाट म्हणजे काय ते. एकमेकींशी कसं बसायचं हे ठरलं आणि त्यातून सपाटी आली.

भाच्याला घरी करता येईल असंही एक आहे. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी सरळ आहे काय ते कसं बघायचं? कोऱ्या कागदावर दोन बारीक बिंदू, अंतर जवळजवळ पट्टीएवढं. पट्टी लावून टोकदार पेन्सिलीनं रेघ. मग पट्टी पालथी करा, आकडे कागदाकडं. तीच कड, त्याच दोन बिंदूंना, जे टोक जिथं होतं तिथंच ठेवून परत रेघ. दोन रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ. मध्ये पानासारखी फट राहिली तर पट्टी वाकडी, आणि जेवढी वाकडी त्याच्या दुप्पट फट. का? दोन बिंदूंतून सरळ रेषा एकच जाते. दोन दिसल्या म्हणजे त्यातली निदान एक सरळ नव्हती. सरांचं गृहीतक इथं मापाचं हत्यार होऊन कामाला लागतं.

आणि तीन बिंदूंचं. आमच्याकडं आता सीएमएम मशीन असतं, त्याचा प्रोब जॉबला टेकवून बिंदू घेतात. प्रतल घ्यायचं तर कमीत कमी तीन टेकवावे लागतात, एका ओळीत नसलेले. मी पोरांना एवढंच सांगतो, की तीन बिंदू घेऊन 'पृष्ठभाग सपाट आला' म्हणू नका. तीन बिंदूंतून प्रतल जाणारच, पृष्ठभाग भाकरीसारखा फुगलेला असला तरी. चौथा बिंदू घेतलात तर कळायला लागतं. रेषेचंही तसंच, दोन बिंदू कधीच वाकडे नसतात, तिसरा घेतल्यावर कळतं. ती बिडाची प्लेटसुद्धा तीन टेकूंवरच ठेवतात. चार दिले तर कुठला टेकू भार घेतो आणि कुठला नाही हे कळत नाही, आणि प्लेट आपल्याच वजनानं पिळते.

बीएस्सी दुसरं वर्ष, टिळकवाडी

काकांचं तीन प्लेटींचं वाचून अंगावर काटा आला, खरंच. आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं.

मी थोडंसंच घालते. ताई, भाच्याला खोलीच्या कोपऱ्याकडं बघायला सांगा. दोन भिंती जिथं मिळतात तिथं रेषा, त्याला खालची फरशी मिळाली की बिंदू. आणि छताची पुढची आडवी कड आणि बाजूच्या भिंतीची तळाची कड बघायला सांगा, ज्या एकमेकींना कुठंच टेकत नाहीत अशा. कितीही वाढवल्या तरी त्या मिळत नाहीत, आणि समांतरही नाहीत. एकाच प्रतलात त्या बसत नाहीत. वहीवर अशा दोन रेषा काढून दाखवताच येत नाहीत, म्हणून मुलं 'मिळत नाहीत म्हणजे समांतर' असं धरून बसतात.

खानापूरकरीण

सर, काका, ताई, तिघांचे मनापासून आभार. सगळं वाचून दाखवलं. त्रिकोणाची जोडी लावताना तो पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ नुसता बघत होता, मग म्हणाला, "मग बिंदू जास्त की लांबी जास्त हा प्रश्नच वेगळा हाय." पट्टीचा प्रयोग घरातल्या सगळ्या पट्ट्यांवर झाला. दुकानातून आणलेली नवी पट्टी सरळ निघाली, शाळेतली लांब पट्टी वाकडी.

आता पुढचा प्रश्न आलाय. काका, तुमच्या प्लेटीवरून तो म्हणतो, "एवढा खटाटोप कशाला? परातीत पाणी ठेवलं की वरचा भाग सपाटच की. तळ्याचं पाणी म्हणजे प्रतलच हाय." मी म्हटलं पृथ्वी गोल आहे ना रे. तर म्हणतो, मग किती गोल ते सांग. ते काही मला सांगता आलं नाही.

लेव्हलवाले, सौंदत्ती

हा माझ्या कामातला प्रश्न आहे, म्हणून लिहितो. पाटबंधाऱ्याच्या कामावर लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, घेऊन कालव्याकालव्यानं हिंडलोय.

भाच्याला सांगा, परातीपुरतं त्याचं म्हणणं चालेल. तळ्यासाठी नाही. स्थिर पाणी पृथ्वीच्या गोलाईनं वळलेलं असतं. एका बिंदूपाशी पाण्याला टेकणारं प्रतल कल्पा, आणि तिथून 1 किलोमीटर पुढं जा. पाणी त्या प्रतलाच्या सुमारे 8 सेंटीमीटर खाली गेलेलं असतं. हिशेब सोपा आहे, त्याला पायथागोरस येत असेल तर तो स्वतः काढेल: अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीच्या त्रिज्येची दुप्पट. त्रिज्या 6371 किलोमीटर धरा. फरक अंतराच्या वर्गानं वाढतो, हे त्याच्या नीट लक्षात आणून द्या. 2 किलोमीटरला सुमारे 31 सेंटीमीटर, 10 किलोमीटरला जवळजवळ 7.8 मीटर. उलट 1 मीटरच्या परातीत हा फरक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून तिथं दिसत नाही.

तुमच्या तालुक्यात कणकुंबीला उगवणारी मलप्रभा आमच्या इथं नविलतीर्थाला धरणात अडवली आहे. तिथून निघणाऱ्या कालव्यांना उतार फार थोडा ठेवावा लागतो, नाहीतर पाणी लांब पोचत नाही. एवढ्या थोड्या उतारात 8 सेंटीमीटर गिळून टाकता येत नाहीत. दुर्बिणीतून दिसणारी नजर सरळ रेषेत जाते, पाणी वळतं. (हवेतून येताना नजरही थोडी खाली वाकते, त्यामुळं फरक साधारण सातव्या हिश्श्यानं कमी होतो, ते वेगळं.)

म्हणून लेव्हल नेहमी दोन स्टाफांच्या, म्हणजे उभ्या धरलेल्या मापाच्या पट्ट्यांच्या, मधोमध लावतात. मागचं वाचन आणि पुढचं वाचन सारख्याच अंतरावरून घेतलं की दोन्हींत गोलाईची चूक सारखी येते आणि वजाबाकीत जाते. सूत्र न लावता, नुसत्या उभं राहायच्या जागेनं.

आणि निपाणीच्या सरांनी वर लिहिलेलं ते गृहीतक, दोन बिंदूंतून एकच रेषा, ते गोलावर टिकतं काय हे भाच्याला पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघू द्या. बेळगाव आणि दिल्ली या दोन ठिकाणांमध्ये सर्वांत जवळची वाट एकच निघेल. उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव घेतले तर कुठल्याही रेखावृत्तावरून दोरा ताणा, लांबी तेवढीच.