पखवाज: दोन माइक एकत्र केले की धुमाचा खर्ज जातो

प्रश्न: नवी कंडेन्सर माइकची जोडी, एक शाईकडे (उजवी, चढ्या स्वराची बाजू), एक धुमाकडे (डावी, खर्जाची बाजू). वेगवेगळे ऐकले तर ठणठणीत, एकत्र पोकळ. इक्यू (खर्ज-तीव्र कमीजास्त करणं) लावू का?

उत्तर १: इक्यू नको. एक पुडी (कातड्याचं तोंड) आत दबते तेव्हा समोरची बाहेर फुगते. दोन्ही सिग्नल उलटे पडून खर्ज खातात. एका चॅनेलची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटवा, मोनोत (दोन्ही एकाच चॅनेलमध्ये मिसळून) तपासा. दोन्ही माइकचं अंतरही मोजा, ३४ सेंमी फरक म्हणजे १ मिलिसेकंद उशीर.

उत्तर २: शिवाय धुमाचा माइक २०-२५ सेंमीवर ठेवा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक) फार जवळ गेला की खर्ज फुगून गढूळ होतो.

उत्तर ३: धुमावर लावलेली कणीक पाहिली का? एसीत ती वाळते, स्वर चढतो. मग माइकला दोष कशाला? दोन टेकच्या (रेकॉर्डिंगच्या फेऱ्यांच्या) मध्ये कणकेवर पाण्याचं बोट फिरवा.