मॅसॅच्युसेट्समधली २२ एकर जमीन: ट्रस्टला दान द्यावी की मालकी ठेवून बंधन घालावे?

कुरणकाठ (प्रश्न)

नात्यातल्या एका वयस्कर जोडप्याची मध्य मॅसॅच्युसेट्समध्ये २२ एकर जमीन आहे. आठेक एकर गवताचे कुरण, बाकी ओक आणि पाइनचे रान, मधून जुने दगडी बांध. कोपऱ्यात राहते घर. जमीन चॅप्टर ६१ए (शेतजमिनीला मालमत्ता करात सवलत देणारा राज्याचा कायदा) खाली आहे आणि गवत एक शेतकरी कापून नेतो. घरावर थोडे कर्ज बाकी आहे. मुलांना घर हवे आहे, शेती नको. दोघांचे म्हणणे एवढेच की इथे कधी प्लॉट पडू नयेत आणि लोकांना फिरायला मिळावे.

ट्रस्टीज ऑफ रिझर्वेशन्ससारख्या मोठ्या संस्थेकडे जावे की गावातल्या लँड ट्रस्टकडे (जमिनी राखणाऱ्या स्थानिक धर्मादाय संस्थेकडे)? जमीन देऊनच टाकावी लागते का? कागदपत्रे, कर, लागणारा वेळ आणि काम नेमके कुठे अडते, हे जाणकारांनी सांगावे.

बांधावरची_वाट

देऊनच टाकावी लागत नाही, आणि तुमच्या वर्णनावरून देऊ नये असेच माझे मत आहे.

आधी संस्थेचे. ट्रस्टीज ऑफ रिझर्वेशन्स १८९१ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून उभी केली. कल्पना चार्ल्स एलियट या लँडस्केप आर्किटेक्टची. ग्रंथालय पुस्तके सांभाळते आणि संग्रहालय चित्रे, तशी निसर्गरम्य आणि ऐतिहासिक जागा लोकांसाठी सांभाळणारी संस्था हवी, अशी त्याची मांडणी होती. चार वर्षांनी इंग्लंडात निघालेल्या नॅशनल ट्रस्टनेही हाच नमुना समोर ठेवला. संस्था सरकारी नाही, धर्मादाय आहे. हिंगहॅमचे वर्ल्ड्स एंड, इप्सविचचा क्रेन बीच, कॉनकॉर्डचे ओल्ड मॅन्स आणि ग्रेट बॅरिंग्टनजवळचा मॉन्युमेंट माउंटन या तिच्या जागा. वर्ल्ड्स एंडला ओल्मस्टेड या लँडस्केप आर्किटेक्टने वसाहतीसाठी आखलेले रस्ते झाले, कडेने झाडेही लागली, पण घरे कधी उभी राहिली नाहीत. १९६७ मध्ये ती सुमारे २५० एकर जागा संस्थेने घेतली आणि आज लोक त्याच रस्त्यांवरून चालतात.

या तोडीच्या जागा सांभाळणारी संस्था सुट्या २२ एकरांची मालकी सहसा घेत नाही. शेजारी आधीच राखीव जमीन असेल, दुर्मीळ प्रजातींचा अधिवास असेल किंवा ठळक इतिहास असेल तर गोष्ट वेगळी. राज्याच्या मासमॅपर या फुकट नकाशावर आपला गट शोधा आणि राखीव मोकळ्या जमिनी व प्रायॉरिटी हॅबिटॅट (दुर्मीळ प्रजातींचे अधिवास) हे दोन थर चालू करून पाहा. पहिल्या भेटीला जाताना त्याची छापील प्रत सोबत असू द्या. गावातल्या लँड ट्रस्टला मात्र हीच जमीन मोलाची वाटेल.

आता मार्ग. एक, सरळ बक्षीसपत्र. दोन, बक्षीसपत्र पण हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून. मुलांना घर हवे असल्यामुळे हा तुमच्या कामाचा नाही. तीन, कॉन्झर्वेशन रिस्ट्रिक्शन, पुढे नुसते सीआर लिहितो. यात मालकी कुटुंबाकडेच राहते. जमीन विकता येते, वारसांना देता येते. प्लॉट पाडणे, बांधकाम, मुरूम-माती काढणे हे हक्क तेवढे कायमचे सोडलेले असतात आणि ते सोडले आहेत यावर नजर ठेवायचा अधिकार ट्रस्टला मिळतो.

इथे एक इशारा. "खरेदीखतातच अट घालू, एवढा खटाटोप कशाला" असे सांगणारे भेटतील. मॅसॅच्युसेट्समध्ये मुदत न घातलेली साधी अट ३० वर्षांनी गळून पडते. कायम टिकते ते बंधन राज्याच्या कायद्यातल्या चॅप्टर १८४ च्या कलम ३१ ते ३३ प्रमाणे केलेले आणि मंजूर झालेले.

मसुद्यात सर्वात जास्त डोके घालायचे ते हद्दीवर. घर आणि त्याभोवतीची जागा सीआरच्या बाहेर ठेवा, आणि ती हद्द मोजणीच्या नकाशावर पक्की करून नकाशा रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये नोंदवा. रेघ मारताना विहीर, सेप्टिकची (घरच्या सांडपाण्याच्या टाकीची) आताची जागा आणि सेप्टिक बदलावे लागले तर लीच फील्ड, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायची जागा, कुठे जाईल ती जागा, हे तिन्ही बाहेर राहिले पाहिजे. पाणी मुरण्याजोगी माती सगळीकडे नसते. सेप्टिक नापास झाले आणि चांगल्या मातीचा एकमेव तुकडा सीआरच्या आत असला, तर घर विकताना टायटल फाइव्हच्या (राज्याच्या सेप्टिक नियमांच्या) तपासणीत सगळे अडते, आणि सीआरमधून सूट मिळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून रेघ ठरण्याआधी पर्क टेस्ट (मातीत पाणी किती मुरते याची चाचणी) करून घ्या. हा खर्च मुळीच वाचवू नका.

दस्तनोंद

हद्दीच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. कागदांचा क्रम असा ठेवा.

सगळ्यात आधी वकिलाकडून टायटल सर्च (मालकी आणि बोजांचा शोध) आणि त्याच दिवशी बँकेला पत्र. घराचे कर्ज पूर्ण २२ एकरांवर बोजा म्हणून चढलेले असेल, तर बँकेने आपला हक्क सीआरच्या खाली असल्याचे, म्हणजे सबॉर्डिनेशनचे, लेखी द्यावे लागते. तो कागद सीआरच्या वेळी नोंदलेला नसेल तर फेडरल करवजावट जाते. नंतर आणून चालत नाही, कर न्यायालयाने ते पुन्हा पुन्हा नाकारले आहे. कर्ज सांभाळणारी कंपनी लांबची असली की योग्य टेबलापर्यंत पोचण्यातच महिने जातात. बाकी थोडेच असेल तर फेडून मोकळे होणे बरे.

मग ट्रस्टच्या लोकांची जागेवर भेट, त्यांच्या मंडळाचा ठराव, मोजणी आणि मसुदा. मसुदा राज्याच्या ठरलेल्या नमुन्यावरच करा. डिव्हिजन ऑफ कॉन्झर्वेशन सर्व्हिसेस हे राज्याचे कार्यालय तो तपासते, आणि नमुन्यातली वाक्ये बदललेली दिसली की प्रश्न येतात. त्यानंतर गावच्या सिलेक्ट बोर्डाची (निवडून आलेल्या कारभारी मंडळाची) मंजुरी आणि शेवटी राज्याच्या पर्यावरण सचिवांची सही. सह्या झालेला दस्त रजिस्ट्रीत नोंदला जातो त्या दिवशी दान पूर्ण होते. ३१ डिसेंबरच्या आत नोंदणी नाही तर वजावट त्या वर्षाची नाही. वर्षअखेरीला राज्याच्या कार्यालयात मसुद्यांचा ढीग असतो, तेव्हा सुरुवातीपासून वर्षभराची तयारी ठेवा आणि मसुदा उन्हाळ्यातच पाठवा.

करात सीआर आणि सरळ दान यांच्यात मोठा फरक पडतो. जमीन दान दिली तर वर्षाच्या समायोजित उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत वजावट, आणि उरलेली पुढची ५ वर्षे. सीआरला ५० टक्के आणि पुढची १५ वर्षे. निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीतून येत असेल तर १०० टक्के. समजा उत्पन्न ९०,००० डॉलर आहे. सरळ दानात वर्षाला २७,००० प्रमाणे सहा वर्षांत जास्तीत जास्त १,६२,००० वापरता येतात, दानाची किंमत कितीही असो. सीआरमध्ये वर्षाला ४५,००० आणि सोळा वर्षे. साडेतीन लाखांचे दान आठ वर्षांत पूर्ण वापरून होते.

याखेरीज राज्याचे कॉन्झर्वेशन लँड टॅक्स क्रेडिट आहे: दानाच्या किमतीच्या ५० टक्के, कमाल ७५,००० डॉलर, आणि कर कमी भरत असाल तर फरक परत मिळतो. अट अशी की दान करण्यापूर्वी राज्याचे प्रमाणपत्र हवे. आधी दस्त नोंदवून मग अर्ज केला तर हाती काही लागत नाही. वर्षाची एकूण रक्कम कायद्याने बांधलेली असल्याने रांगही असते.

६१ए मुळे यात अडचण येत नाही. तिथला गावाचा पहिला हक्क, म्हणजे १२० दिवसांत तेवढीच किंमत देऊन जमीन घ्यायचा, हा घरे किंवा धंद्यासाठी विक्री होत असेल तेव्हा लागू होतो. गाव तो हक्क लँड ट्रस्टला सोपवू शकते, आणि अनेक चांगल्या जमिनी अशाच वाचतात.

कुरणकाठ

फार उपयोगी पडले, आभार. दोन शंका राहिल्या. मूल्यांकन कोणाकडून आणि कधी करायचे? आणि लोकांना फिरू दिले नि कोणी पडून हातपाय मोडला तर जबाबदारी कोणाची?

दस्तनोंद

मूल्यांकन करणारा सीआरचे काम केलेला, परवानाधारक हवा. मॉर्गेजसाठी मूल्यांकन करणारा कितीही चांगला असला तरी इथे चालत नाही. तो दोन किमती काढतो, बंधनाआधीची आणि नंतरची, आणि त्यांतला फरक म्हणजे दान. तुमच्या बाबतीत घराचा तुकडाही हिशेबात धरावा लागेल, कारण लगतची जमीन त्याच कुटुंबाची आहे. शेजारी कायमचे कुरण राहणार म्हणून घराची किंमत जेवढी वाढेल तेवढी दानातून वजा होते. अहवालात हे नसेल तर आयआरएस (फेडरल कर खाते) पहिले बोट तिथेच ठेवते.

अहवालातल्या मूल्यांकनाची तारीख दानाच्या आधी ६० दिवसांपेक्षा जुनी नको. ट्रस्ट तयार आहे की नाही हे चाचपायला सुरुवातीला ढोबळ अंदाज घ्या, पूर्ण अहवाल शेवटी. वस्तुरूप दानासाठीच्या आयआरएसच्या फॉर्म ८२८३ वर मूल्यांकनकार आणि ट्रस्ट दोघांच्या सह्या लागतात. दान पाच लाखांवर गेले तर अख्खा अहवाल विवरणपत्राला जोडावा लागतो. "दानाच्या बदल्यात काहीही दिलेले नाही" असे ट्रस्टचे वेगळे पत्रही विवरणपत्र भरण्यापूर्वी हातात हवे. एवढ्याशा पत्रावाचून मोठमोठ्या वजावटी बुडाल्या आहेत.

दुसऱ्या शंकेचे उत्तर राज्याच्या कायद्यातले चॅप्टर २१, कलम १७सी. फी न घेता लोकांना फिरायला जागा खुली ठेवली, तर मालकाने जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने धोका निर्माण केलेला नसल्यास त्याच्यावर जबाबदारी येत नाही. पार्किंगचे म्हणून पाच डॉलर घेण्याच्या फंदात पडू नका, वाद तिथून सुरू होतात. जुनी उघडी विहीर असेल तर ती आधी बंद करा.

खूणगाठ

वरच्या उत्तरांत सह्या होईपर्यंतचे सगळे आले. पण बंधन खरे कसाला लागते ते जमीन दुसऱ्या मालकाच्या हाती गेल्यावर, म्हणून पुढचेही मसुद्याच्या वेळीच ठरवा.

दस्ताबरोबर बेसलाइन रिपोर्ट होतो. त्यात नकाशे, फोटो आणि त्या दिवशीची जमिनीची स्थिती असते, आणि मालक व ट्रस्ट दोघांच्या सह्या असतात. चांगल्या अहवालात प्रत्येक फोटोला क्रमांक, जीपीएस स्थान, कंपासची दिशा आणि तारीख असते, म्हणजे पुढे कोणीही त्याच जागी उभे राहून तोच फोटो काढू शकतो. फोटो झाडांची पाने गळल्यावर घ्या, उन्हाळ्यात बांधही दिसत नाहीत. दगडी बांधांचे फोटो दर शंभर-दीडशे फुटांवर घ्या. जुना, शेवाळलेला दगड विकला जातो, आणि बांध किती लांब नि किती उंच होता हे कागदावर नसेल तर तक्रार करायला आधार राहत नाही. हद्दीचे लोखंडी पिन शोधून नकाशावर टाका.

दरवर्षी ट्रस्टचा माणूस पूर्ण हद्द फिरतो. सापडते ते बहुधा किरकोळ: शेजाऱ्याचे लॉन दहा फूट आत सरकलेले, बागेचा कचरा बांधापलीकडे टाकलेला, एटीव्हीची चाकोरी. पहिल्याच वर्षी पत्र गेले की मिटते. पाच वर्षांनी तिथे शेड उभी असते आणि प्रकरण वकिलांकडे जाते.

या फेरीला आणि संभाव्य खटल्याला पैसा लागतो, म्हणून ट्रस्ट निधी मागतो. त्यात गैर काही नाही. वर्षाचा खर्च १,००० डॉलर धरला आणि निधीतून ४ टक्केच काढायचे ठरवले, तर २५,००० बाजूला हवेत. निधी न मागणाऱ्या ट्रस्टला मात्र दोन प्रश्न जरूर विचारा: गेल्या वर्षी सगळ्या सीआरची फेरी झाली का, आणि टेराफर्माचा विमा आहे का? लँड ट्रस्टांनी मिळून काढलेला हा विमा सीआर राखण्यासाठी कराव्या लागणाऱ्या खटल्यांचा खर्च उचलतो.

कुरणाबाबत एक कळकळीची सूचना. बोबोलिंक हा पक्षी गवतात जमिनीवर घरटे करतो आणि पिल्ले उडेपर्यंत जुलै उजाडतो. म्हणून "१५ ऑगस्टआधी कापणी नाही" अशी अट थेट सीआरमध्ये घालायचा मोह होतो. पण तोवर गवत राठ होऊन जनावरांच्या कामाचे राहत नाही. शेतकरी यायचा बंद होतो, आणि कापणी थांबली की काही वर्षांत कुरणात पाइनची रोपे आणि मल्टिफ्लोरा रोझ, बिटरस्वीट यांसारखी आक्रमक झुडपे-वेली माजतात. मग पक्षीही जातो. सीआरमध्ये फक्त "कुरण कुरणच राहील आणि ठरलेल्या व्यवस्थापन आराखड्याप्रमाणे कापले जाईल" एवढे लिहा. तारखा आराखड्यात ठेवा, तो दर काही वर्षांनी दोघांच्या संमतीने बदलता येतो. आठ एकरांतले घरटी असलेले तीन-चार एकर उशिरा आणि बाकीचे वेळेवर कापले, तर शेतकरीही टिकतो.

लोकांना फिरू द्यायचे असेल तर पायवाटेची जागा नकाशावर दाखवा, पण "ट्रस्टच्या संमतीने हलवता येईल" हे शब्द घाला. बीव्हरने ओढा अडवला की वाट पाण्याखाली जाते, आणि वाट दस्तात फुटाफुटाने बांधलेली असेल तर ती हलवायला दस्तदुरुस्तीसाठी पुन्हा राज्याच्या दारात उभे राहावे लागते. कुत्री, सायकल आणि शिकार यांचा निर्णयही आत्ताच लिहून टाका. गाड्या कुठे लागणार तेही ठरवा: दोन-तीन गाड्यांची खडी टाकलेली जागा सीआरच्या आत राखीव हक्क म्हणून मोजमापासह दाखवायची राहिली, तर पुढे तीच खडी उल्लंघनात मोजली जाते.